चतुराबाईंच्या आण्णांची मोटार

नानासाहेबांना मोटारींचं वेड नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचं वेड एकच, ते म्हणजे कीर्तन. संभाजीनगरात कुठंही मंडप दिसला आणि आतून पखवाजाची थाप ऐकू आली की त्यांची स्कूटर आपोआप तिकडं वळायची. मंडप लग्नाचा निघाला तर ते तसेच जेवून घरी यायचे, पण वळायची ती वळायचीच. जायकवाडीच्या कालवा विभागात सारी नोकरी झाली. सिडकोत घर, मुलगा इंद्रजीत शेंद्र्याच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी कॉलनीच्या भजनी मंडळात हातात टाळ. देवानं दिलेलं पुष्कळ होतं. मोटार तेवढी दिली नव्हती, पण त्याबद्दल नानासाहेबांनी देवाकडं कधी तक्रार केली नव्हती.

तर असा माणूस एका सकाळी वर्तमानपत्र फडकवत स्वयंपाकघरात शिरला आणि म्हणाला, "अगं, तुझ्या आण्णांची मोटार!"

चतुराबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. ही गोष्ट साधी नाही, कारण इंद्रजीतच्या बारावीच्या निकालालाही तो थांबला नव्हता.

आता ही आण्णांची मोटार काय भानगड आहे ते सांगायला पाहिजे. चतुराबाईंचे वडील सांडूआण्णा पैठणकडचे. ते तिथल्या एका देशमुखांची मोटार चालवायचे, असं चतुराबाईंचं म्हणणं. वडिलांशेजारी पुढं बसून आपण नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो, आणि एकदा तर सप्त्याच्या कीर्तनाला आलेल्या थोरल्या महाराजांना आण्णांनीच मोटारीतून गावात आणलं होतं, हेही त्यांचंच म्हणणं. फोटो नाही, साक्षीदार नाही. देशमुखांचं घराणं कधीच पांगलेलं, आण्णा लेकीच्या लग्नाआधीच गेलेले. सासरच्यांनी ही मोटार पहिल्या दिवशीच निकालात काढली. "बैलगाडी असंल," सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून चाळीस वर्षं, घरातल्या कुणाला रिक्षा मिळाली नाही की कुणीतरी म्हणायचंच, "थांबा, आण्णांची मोटार येती!" सगळ्यांत मोठ्यानं नानासाहेब हसायचे. चतुराबाई हसायच्या नाहीत आणि भांडायच्याही नाहीत. प्रत्येक खेपेला एवढंच म्हणायच्या, "होती."

आणि आज वर्तमानपत्रात बातमी. नगरच्या पुढं, पुण्याच्या वाटेवर, कुण्या हौशी कारखानदारानं जुन्या मोटारींचं संग्रहालय उघडलेलं. फोटोत एक लांबलचक तपकिरी मोटार, आणि खाली छापलेलं: मराठवाड्यातील एका देशमुख घराण्याकडून मिळालेली दुर्मीळ मोटार.

चतुराबाईंनी पिठाचे हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ पाहिला. खिडकीशी नेऊन पाहिला. मग वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाल्या, "बरंय. आता जेवायला बसता का?"

"जेवायला काय बसता! जायचं आपण बघायला. दोघंच. मी नेतो तुला."

"आता खामोखा कशाला एवढ्या लांब..."

"मी नेतो म्हटलं ना!"

नानासाहेबांचा आवाज असा चढायला कारण होतं. मागच्याच आठवड्यात सप्त्यात कीर्तनकार महाराजांनी संशयावर निरूपण केलं होतं. घरात चोर शिरला तर आपण गल्ली जागी करतो, पण घरातल्याच माणसाच्या शब्दावर आपण रोज दरोडा घालतो त्याचं काय, असं महाराज म्हणाले होते. नानासाहेबांनी मान डोलावली होती, टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य त्यांनी शेजाऱ्यांसाठी धरलं होतं. कीर्तनातलं निरूपण शेजाऱ्यांसाठीच असतं ही आपली सगळ्यांचीच समजूत. आज ते वाक्य पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी आलं. चाळीस वर्षांचं हसणं एका फेरीत फेडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बायकोला तोंडानं काही सांगायची गरज नव्हती. मोटारच काय ते सांगेल.

बेत साधा होता. सकाळची पुण्याची एसटी, दोन तिकिटं, दशम्या, पाण्याची बाटली. इंद्रजीत म्हणाला, "बाबा, तिथलं तिकीट मी मोबाईलवर दोन मिनिटांत काढून देतो." पण पोराच्या हातून तिकीट काढून बायकोला मोटार दाखवण्यात नानासाहेबांना काही पुरुषार्थ दिसेना. "तू तुझी शिफ्ट बघ," ते म्हणाले आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. समोरच्या फाटकातून त्याच वेळी सर्जेराव बाहेर पडले.

सर्जेराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर एसटी सुटली, नियंत्रण सुटलं नाही.

"काय नाना, कुठं निघायलात?"

"कुठं नाय. नगरकडं जावं म्हणलं. मोटार बघायला."

"जुनी घ्यायलात?"

"घ्यायची नाय हो. बघायची."

सर्जेरावांनी त्यांच्याकडं डॉक्टर पेशंटच्या जिभेकडं बघतो तसं बघितलं. "नुस्ती बघायला दीडशे किलोमीटर? आपल्या गॅरेजवाल्यापाशी ढिगानं पडल्यात की जुन्या. चहा पण पाजतो तो."

मग नानासाहेबांना सगळं सांगावं लागलं. देशमुख, सांडूआण्णा, नाथषष्ठी, थोरले महाराज. आणि सर्जेरावांना सकाळी सांगितलेलं संध्याकाळच्या भजनापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत मंडळात जाऊन बसतं. नानासाहेब टाळ घेऊन पोचले तेव्हा पारूबाई हात जोडूनच बसल्या होत्या. पारूबाई म्हणजे मंडळातलं सगळ्यांत मोठं वय आणि सगळ्यांत मोठा आवाज.

"थोरले महाराज बसले व्हय त्या मोटारीत? अन् तुम्ही दोघंच चाललात गुपचूप दर्शनाला?"

"पारूबाई, दर्शन नाय, ते संग्रहालय..."

"महाराजांचा पाय लागला ती मोटार नसती नाना. ती पालखी असती."

मंडळाचे प्रमुख सुदर्शनबुवा. त्यांच्या गळ्यात वीणा असली की त्यांच्या तोंडून निघालेलं वाक्य मागं घेता येत नाही, असा मंडळाचा रिवाज. दुर्दैवानं वीणा गळ्यातच होती. "मंडळ जाणार," बुवा म्हणाले, आणि वर गजर झाला. दोन माणसांची सहल वीसेक माणसांची यात्रा झाली. आपल्याला आनंद झालाय की आपण लुटले गेलोय हे नानासाहेबांना कळेना, पण गजरात टाळ वाजवावाच लागतो, तो त्यांनी वाजवला.

आता वार ठरवायचा. बैठक नानासाहेबांच्याच घरी बसली, कारण चहा तिथं होता. रविवारी मंडळाचं दिवसभराचं भजन. बुधवारी बुवांचं पैठणला कीर्तन. गुरुवारी पारूबाईंचं मौन असतं (गुरुवारच बरा असं बऱ्याच जणांचं मत पडलं, पण मोठ्यानं कुणी बोललं नाही). शुक्रवारी नळाला पाणी यायचं होतं, आणि आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी माणूस घर सोडून वैकुंठालासुद्धा जात नाही. शनिवारी एकादशी. राहिले सोमवार आणि मंगळवार.

"मंगळवार नाय जमणार," सर्जेराव म्हणाले. "वेरूळ मंगळवारी बंद असतं."

"पण आपण वेरूळला कुठं चाललोय?" नानासाहेबांनी विचारलं.

"नाना, तुम्ही कालव्यावर होता, मी लोकांत होतो. हयातभर वेरूळच्या गाड्या सोडल्यात मी. पाहण्यासारखी ठिकाणं मंगळवारी बंद असतात. नियमच आहे तो. सोमवारी चला."

स्वयंपाकघराच्या दारातून चतुराबाई म्हणाल्या, "अजिंठा तर सोमवारी बंद असतो म्हणं."

"वैनी, अजिंठा डोंगरात आहे. आपण रस्त्यावरच्या ठिकाणाचं बोलायलोत."

"तू चहाचं बघ," नानासाहेब म्हणाले.

त्या आत गेल्या. सोमवार पक्का झाला.

राहिलं तिकीट. सर्जेरावांनी नानासाहेबांचा मोबाईल हातात घेतला आणि संग्रहालयाचं पान उघडलं. पान म्हणालं, आपल्या संस्थेचा प्रकार निवडा: शाळा, महाविद्यालय, कंपनी. भजनी मंडळ कुठंच नव्हतं. बरीच चर्चा होऊन 'शाळा' निवडलं. पान म्हणालं, इयत्ता? सुदर्शनबुवा म्हणाले, "पहिलीच लिहा. परमार्थात आपण सगळे पहिलीतच." इथपर्यंत ठीक चाललं. मग दिनदर्शिका आली आणि सोमवार काही केल्या दाबलाच जाईना. मंगळवार दाबला जात होता, बुधवार दाबला जात होता. सोमवार नुसताच फिकट होऊन पडलेला. सर्जेरावांनी अंगठ्यानं दाबला. नानासाहेबांनी काच धोतराला पुसून दाबला. पारूबाईंनी देवाचं नाव घेऊन दाबला. चष्मे बदलले. मोबाईल बंद करून चालू केला.

"हँग झाला," सर्जेरावांनी निदान केलं. "फिजूल डोकं खाऊ नका. तिथं जाऊनच काढू तिकीट. वीस माणसं दारात उभी राहिल्यावर कोण नाय म्हणतं?"

बसचा जिम्मा सर्जेरावांचाच. सोमवारी भल्या सकाळी कॉलनीत जी बस येऊन थांबली ती आदल्या दिवशी वऱ्हाड घेऊन गेली होती. झेंडूच्या माळा तशाच होत्या, आणि मागच्या काचेवर थर्माकोलच्या लाल अक्षरांत 'राजकुमार वेड्स मोनिका'.

"हे काढा की आधी!" नानासाहेब ड्रायव्हरला म्हणाले.

"काढलं तर काच निघंल काका. फेविकॉल लई लावलाय त्येंनी."

मान म्हणून नानासाहेब आणि चतुराबाईंना पुढची जागा मिळाली. चतुराबाई गुळाच्या लाडवाच्या रंगाचं लुगडं नेसल्या होत्या, मांडीवर दशम्यांचा डबा. नानासाहेबांनी पांढरीशुभ्र टोपी घातलेली. परिणाम व्हायचा तोच झाला. टोलनाक्यावरच्या माणसानं पावतीबरोबर हसून अभिनंदन केलं. नगरजवळ चहाला थांबले तिथं टपरीवाल्यानं विचारलं, "नवरा-नवरी मागच्या गाडीत का?" सर्जेरावांनी नुसतं पुढच्या सीटकडं बोट दाखवलं. टपरीवाल्यानं नानासाहेबांचा चहा फुकट दिला. नानासाहेब तो अपमान साखरेसकट प्याले.

त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. आतापर्यंत आण्णांची मोटार घरातली चेष्टा होती, आता ती वीस माणसांचं दैवत झाली होती. पारूबाईंच्या पिशवीत नारळ, हळदकुंकू, बुक्का. बुवांच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोठा हार. मोटार नसली तर? किंवा असली, आणि चतुराबाईंना तिथं काहीच आठवलं नाही तर? मग ते हसणं चार भिंतींत राहणार नव्हतं, सगळ्या कॉलनीत पसरणार होतं. "तुला आठवतीय ना नीट?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला सगळं आठवतं," चतुराबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

संग्रहालयाचं फाटक मोठं होतं, उंच होतं आणि बंद होतं.

"सोमवार," आतून रखवालदार म्हणाला. पूर्ण वाक्य करायची त्याला गरज वाटली नाही.

वीस माना सर्जेरावांकडं वळल्या. सर्जेरावांनी घसा खाकरला. "पण... वेरूळ मंगळवारी..."

"हे वेरूळ नाय."

नानासाहेबांना एकदम स्वयंपाकघराचं दार आठवलं. अजिंठा. त्यांनी चोरट्या नजरेनं बायकोकडं पाहिलं. 'मी म्हणलं नव्हतं का' हे वाक्य कुठल्याही क्षणी येईल आणि आपण ते मान खाली घालून घेऊ, अशी त्यांनी तयारी केली. वाक्य आलं नाही. चतुराबाई लिंबाच्या सावलीत सतरंजी पसरून दशम्यांचा डबा उघडत होत्या. न आलेलं वाक्य आलेल्या वाक्यापेक्षा फार लागतं. नानासाहेबांना ते तिथं, त्या फाटकापाशी कळलं.

मग काय करायचं? भजनी मंडळ दारात अडकलं तर जे करतं तेच केलं. बुवांनी वीणा घेतली, पखवाज बाहेर निघाला, पारूबाईंनी असा सूर लावला की रखवालदार दोन पावलं मागं सरला. दोन अभंग झाले नाहीत तोच फाटकाचं लहान दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली. हाताला तेलाचे डाग, कानाला फोन. ही राजनंदिनी, तिथली व्यवस्थापक.

"अहो, काय चाललंय? कुणाचं लग्न आहे का?"

"बस, पोरी, आधी दशमी खा," पारूबाई म्हणाल्या.

"आजी, आज सुट्टी आहे. आत कुणाला घेता येत नाही. सोमवारी आम्ही सगळ्या गाड्या चालू करून बघतो, उभ्या राहून बिघडतात म्हणून." बोलता बोलता तिच्या हातात दशमी आणि दशमीवर लसणाचा ठेचा आला होता. तिनं एक घास खाल्ला, आणि तिचा आवाज थोडा मऊ झाला. "एक करा. मैदानात फेरी मारतो आम्ही गाड्यांची. या जाळीतून बघा पाहिजे तर."

नानासाहेबांनी पुढं कितीदा सांगितलं, की तिकीट काढून रविवारी येणाऱ्याला मोटारी उभ्या दिसतात. सोमवारी चुकून येणाऱ्याला चालताना दिसतात. आधी एक फोर्ड आली, धापा टाकत. मग चोंदलेल्या नाकासारखा आवाज करत एक बुटकी पांढरी. एकामागं एक मोटार जाळीपलीकडून चालली आणि मंडळानं प्रत्येक मोटारीला हात जोडले, कारण नेमकी कोणती ते माहीत नव्हतं आणि नमस्कार वाया जात नाही. सगळ्यांत शेवटी ती लांबलचक तपकिरी आली.

"हीच!" सर्जेराव ओरडले. फट्कन नारळ फुटला. बुवांनी हार जाळीवरून भिरकावला, तो मोटारीऐवजी तिथल्या मेकॅनिकच्या गळ्यात पडला. पारूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. राजनंदिनी आधी घाबरली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचं लक्ष बसच्या मागच्या काचेकडं गेलं.

"यातले राजकुमार कोण?"

वीस बोटं नानासाहेबांकडं वळली. जन्मात पहिल्यांदा सर्जेरावांचा आणि मंडळाचा असा एकमुखी ताल जमला.

"आणि मोनिका?" चतुराबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. राजनंदिनी हसून म्हणाली, "या. दोघंच या. पाच मिनिटं."

म्हणजे शेवटी दोघंच गेली, बेत होता तसंच.

मोटार समोर उभी होती, चकचकीत, गरम झालेली. नानासाहेबांच्या छातीत पखवाज वाजत होता. "बघ," ते म्हणाले. "बघ, तुझ्या आण्णांची."

चतुराबाईंनी मोटारीभोवती एक चक्कर मारली. मडगार्डवर हात फिरवला. मग अगदी हळू, राजनंदिनीला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "ही नाय ती."

"रंग बदलतात गं..."

"रंगाचं नाय. आमची हिरवी होती, ते सोडा. आमच्या मोटारीचं जादा चाक बाजूला होतं, पायरीपाशी. आण्णा चहाला थांबले की मी त्या चाकाला टेकून बसायची. हिचं चाक मागं आहे."

नानासाहेबांनी चाकाकडं पाहिलं. चाक मागंच होतं. वर्तमानपत्रातल्या फोटोतही ते मागंच होतं, हे त्यांना आत्ता आठवलं.

"म्हणजे तुला फोटोतच..."

"फोटोतच दिसलं."

"मग बोलली का नाहीस? एवढी बस, एवढी माणसं, नारळ..."

चतुराबाईंनी पदराच्या टोकानं मडगार्डवरचा आपल्याच बोटांचा ठसा पुसला. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या आण्णांची मोटार खरी धरली होती. ती मी कशी मोडू?"

नानासाहेबांकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण ते जन्मभर ऐकणाऱ्याच्या बाजूला बसलेले. त्यांनी टोपी काढली, उगाच झटकली, परत घातली. मग राजनंदिनीकडं वळून म्हणाले, "ताई, हिला पुढं बसवून एक फेरी मारता का? हिला पुढं बसायची सवय आहे."

आणि चतुराबाई पुढं बसल्या. गळ्यातला हार मिरवत मेकॅनिकनं मोटार हाकली. जाळीपलीकडं मंडळानं असा गजर केला की रखवालदारानंही एकदा टाळी दिली. फेरीच्या मध्यावर चतुराबाईंनी हात बाहेर काढून रबरी भोंगा दाबला. दोनदा.

परतीच्या वाटेवर बस पेंगुळली होती. नगर मागं पडलं तेव्हा सर्जेराव आपल्या जागेवरून वाकले. सोमवारची चूक त्यांना अजून टोचत होती, आणि टोचणी वाटून घेतली की हलकी होते, हे त्यांना एसटीतल्या नोकरीपासून ठाऊक. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "काय वैनी, पटली का खूण? हीच का ती मोटार?"

बसमधली पेंग उडाली. पारूबाईंनी डोळे उघडले. चतुराबाई डब्याच्या झाकणाकडं बघत राहिल्या.

नानासाहेब उभे राहिले. चालत्या बसमध्ये, दांडी धरून.

"नाय," ते म्हणाले. "ही नव्हती ती. ती हिरवी होती. हिच्यापेक्षा लांब. जादा चाक बाजूला, पायरीपाशी. थोरले महाराज मागं बसले होते आणि ही पुढं."

"तुम्ही बघितली होती?" सर्जेरावांनी विचारलं.

"सर्जेराव," नानासाहेब म्हणाले, "रोज संध्याकाळी आपण टाळ कुटतो, गळा फाटेस्तोवर नाव घेतो. त्याला बघितलंय व्हय तुम्ही?"

"बोला!" म्हणून मागून पारूबाई गरजल्या, आणि न पाहिलेल्या मोटारीचा गजर बसमध्ये दुमदुमला.

नानासाहेब खाली बसले. चतुराबाईंनी डबा उघडून उरलेली शेवटची दशमी त्यांच्या हातावर ठेवली, आणि खिडकीतून बाहेर बघत, स्वतःशीच म्हणाव्या तसं म्हणाल्या, "होती."

"होतीच," नानासाहेब म्हणाले.